उजवी बाजू

यासीनचाचा टायरला आधी हात लावत नसे.
आधी जमीन.
उकिडवा बसून तळवा टेकायचा,
मग अंगठ्याचं नख घासायचा,
आणि किती झिजलं ते उजेडात धरून सांगायचा,
"ही खाणारी आहे. कडक रबर काढ."

भंगारात निघालेल्या पद्मिनी टॅक्स्या
रविवारी पहाटे शर्यतीला पळायच्या.
पिवळं टप तसंच, मीटर उपटलेलं,
काचेच्या जागी जाळी.
रे रोडला गोदामामागचं काँक्रीट, कानशीसारखं.
वडाळ्याला मिठागराच्या कडेची दाबून बसलेली माती,
आणि कुर्ल्यात बंद कारखान्याचं अंगण,
तिथलं डांबर इतकं गुळगुळीत
की गार चाक नुसतं घसरायचं;
तिथे मऊ,
नख रुतेल इतकं मऊ.

वळण कायम डावीकडे.
म्हणजे भार उजवीकडे.
"पुढचं उजवं चाक म्हणजे घरातला थोरला," चाचा म्हणे,
"सगळं त्याच्यावर, आणि बोलायची सोय नाही."
मागच्या चाकांना शिंप्याची टेप गुंडाळून
तो घेर मोजायचा,
उजव्याचा डाव्याहून दीड इंच जास्त.
मी सोळाची, हवा भरायला ठेवलेली.
विचारलं, अशाने गाडी वाकडी नाही जाणार?
"जाऊ दे की. वळायचंच आहे तिला."

शर्यत संपली की टायर वाचायचा.
आतली कड, मधला पट्टा, बाहेरची कड,
तिन्हीकडे सुई खुपसून ताप बघायचा.
मधलाच जास्त तापला तर हवा जास्त झाली,
म्हणजे चूक माझी.
वहीत आकडे मराठीत, शिव्या कोकणीत.

एका मे महिन्यात चाचा भाचीच्या लग्नाला दापोलीला.
ऑस्टिन परेराला कुर्ल्याचेच मऊ टायर हवे होते,
तिथे तो उडाला होता त्यांच्यावर.
मी म्हटलं, रे रोड आहे.
तो म्हणाला, रबर रबर असतं.
मी दिले.
किल्ली माझ्याकडे होती, हेही खरं.

चार फेऱ्या त्याला कुणी दिसलंच नाही.
सातवीला वळणावर काळा चुरा,
खोडरबराचा असतो तसा.
अकरावीला पुढचं उजवं गेलं,
आणि टॅक्सी पिंपांच्या ढिगात शिरली.
ऑस्टिन हसत बाहेर आला, गळ्याचं हाड मोडलेलं,
ते त्याला नंतर कळलं.

चाचा मला एक शब्द बोलला नाही.
चिंधी झालेल्या टायरवर बराच वेळ बोट फिरवलं,
मग वहीत माझ्या नावाखाली लिहिलं:
रे रोड. मऊ. चार फेऱ्या आपल्या,
पुढच्या जमिनीच्या.

शर्यती बंद झाल्या त्याला किती वर्षं झाली
हे मी मोजत नाही.
कुर्ल्याच्या त्या अंगणावर तीस मजले आहेत,
आणि आठव्या मजल्यापर्यंत पार्किंगचा गोल चढ.
परवा चाचाला तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.
डावीकडे, पुन्हा डावीकडे,
तिसऱ्या मजल्यावर त्याने माझ्या हातावर हात ठेवला. थांब.
दाराला धरून उतरला.
गुडघे वाकेनात, तरी बसला,
तळवा टेकला,
मग नख.

मागे दोन गाड्या भोंगे वाजवायला लागल्या.
वॉचमन धावत आला,
"बाबा, काही पडलंय का तुमचं?"

चाचाने अंगठा ट्यूबलाइटखाली धरला.
आता काय दिसतं त्याला, देव जाणे.
"शेवंते," म्हणाला,
"उजवी बाजू कडक घे."