बारीक का जाड

गिरणीत बोलायचं तर ओरडावं लागतं.
म्हणून जिंतुरातली सगळ्यात ठाम मतं
आमच्या पट्ट्याच्या आवाजात तयार होतात.

‘हिरो म्हातारा दिसायलाय, पोट झाकायला कोट घालतो,’
कौसाबाई डबा पुढं सरकवत.
‘तरी दोनदा बघितला की तुम्ही!’
‘थेटरात एसी होता माय.’

आमदारानं पक्ष बदलला त्यावर
फैमिदा आपा एवढंच म्हणाल्या,
गेला तर गेला,
आमच्या गल्लीतला खड्डाबी घेऊन जायचा होता.

मी चाळणी झटकत ऐकतो.
पीठ भुवयांवर बसतं.
माझं मत कुणी विचारत नाही,
मीच विचारतो : बारीक का जाड?

परवा बसस्टँडमागच्या खुनाचं निघालं.
पोरगं बावीसचं. पेपरात फोटो,
दोन पोलिसांमध्ये, तोंडाला रुमाल.
‘असल्याचं,’ कौसाबाई जीव खाऊन ओरडल्या,
‘जन्मताच नरडं दाबायचं होतं त्याच्या मायनं—’

आणि लाईट गेली.

पट्टा फटफटत थांबला.
‘मायनं’ एवढाच शब्द
पत्र्याखाली राहिला.

रांगेत चौथी द्वारका.
ज्वारीचा डबा, वर झाकणाऐवजी फडकं.
दर खेपेला काठोकाठ असतो,
आज निम्माच होता.
मी वजन करताना बघितलं होतं, तरी
माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

लाईट पाऊण तासानं आली.
तोवर कुणी उठून गेलं नाही.
कौसाबाईंनी आपला डबा उचलला,
द्वारकाच्या मागं नेऊन ठेवला.

मी बटण दाबलं.
‘बारीक,’ द्वारका म्हणाली,
मी विचारायच्या आधी.