थो

सोसायटीच्या आवक-जावक वहीत, शेवटल्या पानांवर
मी त्याच्या नोंदी ठेवतो.
रकाने चार : तारीख, कोणी, काय, शेरा.
शेऱ्याच्या रकान्यात अजून काही लिहिलेलं नाही.

नाव त्याला नाही. आमच्याकडे नुसतं ‘थो’ म्हणतात.
‘आज थो वर आल्ता’ एवढं म्हटलं
की पारीवर बसलेला माणूस बिडी विझवतो.

पहिली नोंद उरकुडा मारबतेची.
शिंगाड्याच्या वेली उचलताना हाताला पाठ लागली,
म्हशीच्या पाठीसारखी, पण थंड.
‘अन म्हस श्वास घेते, बाबू. ह्यानं नाई घेतला.’

फगनाबाईला दिसला फक्त डोळा. एकच.
कंदिलाच्या काचेएवढा.
किती वेळ पाहिलात, विचारलं तर म्हणाली,
‘मी कुठं पायली? थोच पायत होता.’

कापगते गुरुजींनी फळ्यावर काढून दाखवलं :
हे वाहत आलेलं मोहाचं लाकूड,
ह्या मरळी, हा वारा.
मग एका पहाटे टमरेल पारीवरच टाकून धावत आले
आणि आठ दिवस विज्ञानाचा तास झाला नाही.

मत्स्य खात्याचे साहेब जीप घेऊन आले.
दोरीला शिसं बांधून खोली मोजली, बारा हात.
‘एवढ्याशा पाण्यात मोठं काही राहत नसतं.’
कोंबडीचा रस्सा ओरपला,
आणि निघताना, पाण्यात पाय सोडून बसलेल्या
स्वतःच्या पोराला दंडाला धरून मागे ओढलं.

मग ते साल आलं,
तलावाचा तळ उघडा पडला.
अर्जुनी-लाखांदुराकडून बैलबंड्या आल्या,
पोरं खांद्यावर, कोणी शिदोऱ्या बांधून.
निघालं काय?
सायकलचं चाक. तांब्याची घागर.
मुंडकं नसलेला दगडी नंदी.
आणि मधोमध, चिखलात, एक लांब खळगा,
कोणी बाजेवरून नुकतंच उठून जावं तसा.
हाडं नव्हती.

कोणी हसलं नाही.
उरकुडा खळग्यात उतरला, आडवा झाला, सरकून पुन्हा आडवा झाला.
वर येऊन धोतर झटकत म्हणाला,
‘दोन उरकुडे, अन वर हातभर.’
तेवढं माप मी लिहून घेतलं.
बायका मात्र, आपलं माणूस न सांगता
गाव सोडून गेल्यासारख्या, शिदोऱ्या न सोडताच परतल्या.

पुढल्या वर्षी पाणी भरलं.
कमळं यायच्या आधी वहीत सहा नोंदी.

आता, जे कुठल्याच रकान्यात बसत नाही ते.
उरकुड्याच्याही आधी, मी तेरा वर्षांचा असताना
बापाचं नवं जाळं साकोलीच्या बाजारात विकलं,
सर्कस पाहिली, भजी खाल्ली,
सांजेला कपड्यांसकट तलावात बुडी मारून घरी गेलो.
‘जारं थ्यानं नेलं.’
‘कोनं?’
मी पाण्याकडे बोट केलं.
नाव नव्हतं म्हणून नाव घेतलं नाही.
त्या दिवसापर्यंत गावात कोणी
त्याची गोष्ट सांगितलेली मला आठवत नाही.

मार बसेल म्हणून मी डोळे मिटले.
बाप कितीतरी वेळ काही बोलला नाही.
मग खांद्यावरच्या दुपट्ट्याने माझं डोकं पुसलं,
आणि अगदी हळू, आई ऐकू नये असं,
‘दिसला का तुलेबी?’

पुढे बारा वर्षं एका डोंग्यात बसलो आम्ही,
तो वल्हं मारायचा, मी पाणी उपसायचो.
त्यानं विचारलं नाही. मी तर नाहीच.

परवा पहाटे शिंगाडे तोडायला एकटाच गेलो.
वारा नव्हता. पलीकडे सारसाची जोडी उभी.
वेली डाव्या अंगाला जरा उचलल्या गेल्या
आणि बसल्या.
मरळ असेल.
मी पाय डोंग्यात घेतले.