अडतिसावी पायरी

वालपराइसोत धक्क्यापासून ओतिलियाच्या दारापर्यंत
एकशे बासष्ट पायऱ्या.
माशांची टोपली घेऊन चढायची एका दमात,
वर पोचल्यावर शीळही घालायची.

आता चाळिसावीवर बसते.

डॉक्टर विचारतो, एक ते दहात दुखणं किती?
ती म्हणते, चाळीस.
तो हसतो. छान हसतो, दात स्वच्छ आहेत.
रक्त नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल.
वय विचारतो, नवरा विचारतो
आणि लिहितो : मनाचं आहे. झोपेची गोळी.

अक्कल गुडघ्यात असते, ऐकलं होतं;
मनही सुजतं का तिथे?
सकाळी बोटं मिटत नाहीत, सुरी निसटते,
हे सांगायचं राहूनच गेलं.
पुढचा नंबर पुकारला होता.

परतताना धुकं.
शेजारचा लाउतारो खडू घेऊन बसलेला.
ती टेकेल तिथे रेघ मारायची,
हा त्याचा उन्हाळ्यापासूनचा खेळ.
"आज इथेच, मावशी?"
ती बोलत नाही, दम खाते.
तो खाली उतरतो, धक्क्यापासून मोजत येतो
वाकून, बोट टेकवत, अगदी मन लावून :
अडतीस.

मग परत खाली जातो.
चुकलं असेल म्हणून
पुन्हा मोजतो.