सहा डेसिबल

पुण्याहून मास्टरिंगवाल्या कर्णिकांचा निरोप आला:
वर सहा डेसिबल मोकळे ठेवा,
लिमिटर काढा,
शेवटचा ठोका पूर्ण विझू द्या, मध्येच कापू नका,
चोवीस बिटच्या वेव्ह फायली पाठवा,
एमपीथ्री नको, कृपया.
'कृपया' दोनदा लिहिलेलं.

उद्यमनगरात, लेथच्या डोक्यावरच्या माळ्यात
माझा स्टुडिओ. भिंतींना गाद्या, खिडकीला घोंगडं.
खालचं मशीन रात्री अकराला थांबतं
तेव्हा आमचा दिवस उगवतो.
तरी तिसऱ्या गाण्यात, तुणतुण्याच्या मागं
एक बारीक घरघर राहिलीच.
सगळ्या गल्लीची ती. कुणाच्या नावावर टाकू?

फायलींना नीट नावं दिली. एक ते आठ.
आधीची नावं होती: फायनल, फायनल नवीन,
आता हेच फायनल, आबा ओके,
आबा ओके पण रसूलभाई नाही.

मग लिमिटर काढला.
आठही गाणी एकदम खाली बसली,
जत्रेतून दमून आलेल्या पोरांसारखी.
धोंडिराम आबा स्टुलावर, एक कान पुढं करून.
"आवाज कुठं गेला रं?"
"गेला नाही. जागा ठेवलीय."
"कुणाला?"
"पुण्याच्या माणसाला. शेवटचा हात तो फिरवणार."

चाळीस वर्षं फौंड्रीत पॅटर्न केले आबांनी,
सागवानाचे, पटाशीनं तासून,
आणि शनिवारी रात्री डफावर भेदिकाचे सवाल.
विडीचं थोटूक विझवत म्हणाले,
"असं सांग की. काष्टिंग मापाला माप काढलं
तर टर्नर काय कापणार, सोताचं बोट?
तीन मिलिमीटर माल जादा ठेवायचा असतोय अंगावर."

मी म्हणणार होतो, तिथं लोखंड ठेवतात आबा,
इथं रिकामं ठेवायचं.
नाही म्हणालो.

सहावं गाणं.
दोन मिनिटं चौदा सेकंदांवर, 'ब्रह्मांड' या शब्दाला
आबांचा वरचा सूर फाटतो.
मी तिथं डफ वाढवला होता,
चमचाभर घुमारा ओतला होता,
सगळ्यावर लिमिटरचं झाकण.
झाकण निघालं.
आबांनी मान न वळवता ऐकलं.
"पुटी भरलीस व्हय?"

भोक पडलेल्या काष्टिंगवर म्हणे
काहीजण पुटी भरून रंग मारायचे,
आणि पहाटेच्या टेम्पोत घालून मोकळे.
"टूल लागलं की पुटी उडती.
शिवी टर्नर देतोय, खातोय पॅटर्नवाला."

मी घुमारा पुसला. डफ होता तिथं आणला.
आबा म्हणाले, परत गातो.
मी माईक उभा केला, रसूलभाईंना उठवलं,
त्यांनी शेगडीवर डफ शेकला, जांभई देत.
चौथ्यांदा सूर लागला. स्वच्छ. एकही चरा नाही.
गाण्यात बसवला,
तर जुन्या भिंतीला पांढऱ्या चुन्याचा ठिपका.
तिघांनी तीनदा ऐकलं.
रसूलभाई म्हणाले, "ह्यो माणूस निवांत बसून गातोय.
आधीचा उभा हुता."
आबा काहीच बोलले नाहीत,
चपला शोधायला लागले.

कर्णिकांना चिठ्ठी लिहिली:
गाणं सहा, दोन चौदा, आवाज फाटला आहे.
माहीत आहे. राहू द्या.
तिसऱ्यात घरघर आहे, तिचं काय ते तुम्ही बघा.
गाण्यांमध्ये तीन सेकंद,
सातव्यानंतर मात्र पाच. तिथं आबा पाणी पितात.

फायली चढवायला लावल्या.
चौदा टक्क्यांवर नेट अडकलं, सुटलं, परत अडकलं.
जिन्यावर आबांच्या वहाणांची करकर,
एक, दोन, मग वळणावर थांबलेली.
"पोचलं का रं?"
"अजून नाही."
"मग बसतो."

ते खालच्या पायरीवर बसले, मी वरच्या.
सत्त्याण्णव टक्क्यांना
खालचं पहिलं लेथ सुरू झालं.