भिजलेल्या कापसाचं वजन

तितूर उतरली, त्याच्या नवव्या दिवशी
हाशिम पिंजारी ऑफिसात आले.
हातात खताची पिशवी, पिशवीत बिलं,
बिलांना इस्त्री केलेली.

"ताई, यामातलं काय काय धरतस?"

साठ्यातला कापूस धरतात, काका.
चार क्विंटल तीस किलो, खरेदीच्या भावानं.
ते म्हणाले, फेकायला ट्रॉलीत भरला
तेव्हा काट्यावर अकरा भरला.
अकरा नाही चालत.
पाण्याची खरेदी दाखवता येत नाही.

पंपाचं भाडं धरतात. गाळ उपसणाऱ्या पोरांची मजुरी,
सही नाहीतर अंगठा असेल तर.
चुना, फिनेल, मोटारीचं रिवाइंडिंग.
पिंजायचं मशीन घसाऱ्यात झिजत झिजत
सहा हजार चारशेवर आलेलं;
कागदावर ते पुराआधीच बुडत होतं.
विमा मिळाला तर तेवढे वजा.
"विमा?" ते हसले.
मी पान उलटलं.

घरातला फ्रिज नाही. मुलीचं दप्तर नाही.
पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा,
कायदा पडद्यापाशी थांबतो.
पाणी थांबलं नव्हतं.

गिऱ्हाइकांच्या पिंजायला आलेल्या गाद्या, सतरा.
तुमच्या नव्हत्या, मग नुकसान तुमचं कसं?
"भरी दिन्यात ना मी."
पावत्या?
"जेनी गादी बुडनी, तेनापाशी पावती कोन मांगस?"
मी पेन्सिलीनं लिहिलं सतरा,
पुढे प्रश्नचिन्ह, जरा लहानसं.

ओस्तवाल साहेब आतून म्हणाले,
माळ्यावर काही होतं का? तेही भिजलं दाखवू.
हाशिमकाका रिकाम्या पिशवीची घडी घालत राहिले,
उलगडली, परत घातली.
"माळावरन्या रजया भिजन्या नहीत.
बारा व्हत्यात. त्या रातले शाळामा वाटी दिन्यात."
मग देणगीत घेऊ. संस्थेचं नाव?
शाळेत त्या रात्री संस्था नव्हती.
बाकांवर माणसं होती, आणि एक कंदील.

बारा मी कुठेच लिहिले नाहीत.

जाताना विचारलं, बिलांना इस्त्री कोणी केली?
"सुपडू परीटनी. पैसा नही लिन्हात त्यानी."
त्याचं दुकान तर तुमच्याही खाली, पार घाटाला.
"हां. पन कोळसानी इस्त्री शे ना, ताई.
पानी उतरनं, कोळसा वाळाडा,
चालू व्हई गई."