दिवाळ्याचा बर्फवाला

पैसा म्हणजे बर्फ, जयेंद्र म्हणतो,
हातात घेतला की लहान व्हायला लागतो.
त्याला कळणारच. दिवाळे गावच्या जेट्टीवर
त्याची बर्फाची गाडी, लादी फोडायचं यंत्र,
आणि भिंतीवर खडूनं लिहिलेली उधारी:
नाखवा, होडी, लाद्या किती.
गावाचं नाव दिवाळे, आणि इथे बसून
तू जगाच्या बँका बुडणार म्हणतोस, मी म्हणते.
तो हसत नाही. हा विनोद त्यानं
माझ्याआधी शंभर जणांकडून ऐकलाय.

मी बेलापूरच्या पतपेढीत कॅशियर.
ओल्या स्पंजवर टेकवून टेकवून झिजलं बोट,
आता आधारच्या यंत्राला माझा ठसा पटत नाही.
नोटाबंदीच्या आठवड्यात तो माझ्या खिडकीशी आला,
थर्माकोलच्या खोक्यातून काढलेली,
मासळीचा वास मारणारी गड्डी घेऊन.
पतपेढीला परवानगी नाही रे, म्हटलं, ने परत.
तेव्हापासून तो माझ्याशी बोलतो
ते माझ्यामागे उभ्या असलेल्या कुणाशी तरी बोलावं तसं.

संध्याकाळी लाद्यांवर गोणपाट टाकतो आणि सुरू होतो.
महापेला सर्व्हरची थंडगार गोदामं उठतायत, ताई,
आणि आमच्या बर्फाच्या कारखान्याला
विजेचा लोड वाढवून मिळत नाही.
युद्ध कुठल्या कुठे, डिझेल चढतं इथे.
डॉलर शिंकला की नाखव्याला ताप.
नोटा छापणाऱ्याला कोण विचारतं, पुरे आता?
मग आवाज उतरवून,
देवाचं नाव घ्यावं तसा आकडा घेतो:
दोन कोटी दहा लाख. बस.
त्यापुढे एकही बिटकॉइन नाही.
खाडीपल्याड हात करतो:
विमानतळासाठी डोंगर कापला, नदी वळवली,
कागदावरचं काहीही हलतं,
हा आकडा सोडून.

आणि तीस टक्के कर? मी विचारते.
भरतो की.
पावती त्याच थर्माकोलच्या खोक्यात.

मार्चमध्ये भाव पडला. किती, ते सांगितलं नाही.
त्या दिवशी लाद्या जरा जास्तच बारीक फुटल्या.

सगळ्याची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द, ओळीनं.
कागद भिजतो, मोबाईल खाडीत पडतो,
म्हणून त्यानं ते आईला पाठ करायला दिले.
नागूमावशी चौथी नापास.
तिनं शब्दांचे मासे केले:
बोंबील, मांदेली, निवटी, वाकटी,
कोळंबी, घोळ, शिंगाळा...
टोपली उतरवत घडाघडा म्हणायची.
कुठला मासा म्हणजे कुठला शब्द, ती यादी
माझ्या पतपेढीच्या लॉकरात.
ह्यात कुणावरही विश्वास ठेवावा लागत नाही,
असं तो मला यादी देताना म्हणाला होता.

परवा त्यानं तपासणी घेतली. अकराच.
पुन्हा म्हण. पुन्हा अकरा.
नववा कुठे गेला, आई? जिताडा?
ती कोयती पुसत होती.
जिताडा मिलतंय कुठं आता खाडीन.
नाय मिलत, त नाय म्हनलं.
अगं, एक शब्द गेला की सगळंच बंद होतं!
कायमचं! कुणालाच उघडत नाही,
सरकारलासुद्धा नाही!
हां, ती म्हणाली,
तेच त मी तुला कवापासून सांगतंय.

यंत्रात अर्धी लादी अडकली होती,
तिच्यातून पाणी गळत होतं.
मी माझी पर्स या हातातून त्या हातात घेतली.
मग एक होडी लागली,
नाखव्यानं आरोळी दिली, तीन लाद्या,
पैसे शनिवारी.
जयेंद्रनं खडू शोधला.