टिसाची फुलं

जूनच्या अखेरीस वेंडेल बरणी घेऊन आला,
सेगेडच्या पुलाखालून, ओल्या बाह्यांनी.
तळाशी पंख, लांब शेपट्या, थोडा गाळ.
इथले लोक या किड्यांना टिसाची फुलं म्हणतात.
"नदीवर आल्यावर तीन तास जगतात," तो म्हणाला,
"खायला तोंडही धड नसतं."
मी स्पिरिट ओतलं. झाकणावर तारीख घातली.

नव्या पोराला, चोंगोरला, रंगाचं असं सांगते:
पाण्यात मोकळा असला की हा रेणू
कमरेत पिळत राहतो.
दिलेला निळा उजेड पिळण्यातच घालवतो,
जराशी ऊब होते, कुणाला पत्ता नाही.
पण डीएनएच्या दोन पायऱ्यांच्या फटीत शिरला
की अंग वळवायला जागा उरत नाही.
मग घेतलेलं परत करावंच लागतं,
हिरवं करून, थोडी कसर कापून.
"म्हणजे अडकला म्हणून उजळला?"
चोंगोरचं गेल्याच महिन्यात लग्न झालंय.
मी पिपेटचं टोक बदलते.
आणि रंग फार घालू नकोस, म्हणते,
दाटीवाटीत एकमेकांचा उजेड गिळतात.

ऑक्टोबरात वेंडेल परत आला.
आपल्या फुलांचं काय झालं ते बघायचं होतं त्याला.
टोपी काढून मांडीवर ठेवली, डोळा लावला.
अंधारात काचेवर ताणलेला एकच धागा,
हिरवा, न थरथरता.
त्याने श्वास रोखलेला मला ऐकू आला.
मग धागा मधोमध तुटला,
दोन्ही टोकं आपापल्या बाजूला आखडली.
"मी हात नाही लावला, एमोके."
कप फुटल्यावर दाराशी उभं राहिलेलं पोर
सत्तराव्या वर्षी माझ्या स्टुलावर.
हात नाही, उजेड, मी म्हटलं.
ज्याने दिसतो त्यानेच तुटतो.

उपाय आहे. कपाटातली तपकिरी बाटली,
एक थेंब, हवेतला ऑक्सिजन आवरायला.
चोंगोर नाक धरून खिडकीकडे पळाला.
वेंडेल मात्र वाकला, हुंगलं,
ओळखीचं माणूस भेटावं तसा हसला.
"दुसऱ्या दिवशीचा काठ," म्हणाला.
"फुलं उधळून संपली की सकाळी
अख्ख्या नदीला हाच वास."

पुन्हा डोळा लावला त्याने.
मी घड्याळ चालू केलं.
वहीत नोंद आहे:
तुकडा अकरा. एक्केचाळीस सेकंद.
बघणारा: वेंडेल, होडीवाला.